वीतभर अंतरावरचा उजेड

फ्लॅश घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो जोराचा. गाइड नंबर किती, किती लांब पोचतो, याहून मोठा आहे का. पक्ष्यांचे आणि किड्यांचे फोटो काढायचे असतील, तर आधी विचारायला हवं ते हे: फ्लॅशचं तोंड आणि समोरचा जीव यांच्यात अंतर किती राहणार आहे? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, चौपट झालं की सोळावा हिस्सा. शाळेत शिकून विसरलेला हा नियम सगळं ठरवतो. उजेड मऊ पडणार की टोचणार, पंख गोठणार की फरकटणार, डोळा जिवंत दिसणार की भुतासारखा, मागचं पान हिरवं येणार की काळंठिक्कर, हे सगळं त्या अंतरावर अवलंबून असतं. एकच फ्लॅश मधमाशीपासून वीतभर धरला तर कामाचा ठरतो, आणि आठ मीटरवरच्या कोतवालाकडे रोखला तर बहुतेक वेळा फोटो बिघडवतो.

म्हणून शिकायचं ते किड्यांपासून. त्यासाठी नगरमधल्या आमच्या सावेडी उपनगराच्या बाहेर पाऊल टाकायची गरज नाही. मृगाचे दोन-चार शिडकावे झाले, की गुलमोहर रोड आणि पाइपलाइन रोडच्या मागच्या कॉलन्यांमधले उरलेसुरले मोकळे प्लॉट टाकळा, गाजरगवत आणि घाणेरीने भरून जातात. रुईच्या झाडावर बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या सापडतात. भिस्तबाग महालाच्या आणि तपोवन रोडच्या बाजूला मोकळी जागा उरली आहे तिथे तरवड फुलतो आणि त्यावर पिवळी फुलपाखरं येतात. कंपाउंडमधल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर लिंबाळी फुलपाखराची अळी असतेच. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवीगार होते. तुळशीच्या मंजिऱ्यांवर निळ्या पट्ट्यांची माशी येते. संध्याकाळी या माश्यांचे नर वाळक्या काडीला जबड्याने पकडून रांगेने झोपतात आणि सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत हलत नाहीत. नवशिक्याला याहून चांगला विषय मिळणार नाही.

तरी पहिले धडे जिवंत किड्यावर गिरवू नयेत. एक चिंचोका घ्यावा. घासून पुसलेला, गडद तपकिरी, चकचकीत. भुंग्याच्या किंवा सोनपाखराच्या पाठीवर उजेड जसा परततो, तसाच तो चिंचोक्यावरून परततो. शिवाय चिंचोका उडून जात नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो ठेवून एक फोटो नुसत्या फ्लॅशने काढा. पाठीवर एक पांढरा, जळलेला ठिपका दिसेल. मग फ्लॅशपुढे पांढरा कागद धरा. ठिपका पसरेल आणि फिका होईल. कागद चिंचोक्याच्या आणखी जवळ आणा. आता ठिपक्याच्या जागी एक मोठा, कडा विरघळलेला उजळ पट्टा दिसतो आणि त्याखालचा तपकिरी रंगही दिसतो. फ्लॅशचा जोर तोच होता. बदलला तो चिंचोक्याच्या जागेवरून दिसणारा उजेडाचा आकार.

डिफ्युझरचं मर्म एवढंच आहे. तो विकत घ्यायलाच हवा असं नाही. पॅकिंगमध्ये येणारी पांढरी फोमची शीट, बटर पेपर, ट्रेसिंग पेपर, कापडबाजारात मिळणारं पांढरं अस्तर, यातलं काहीही चालतं. अट दोनच गोष्टींची. एक, कापड किंवा कागद अगदी पांढरा हवा. पिवळट असेल तर सगळे किडे कावीळ झाल्यासारखे येतात. दुसरी, फ्लॅशचं तोंड आणि पडदा यांच्यात चार बोटं तरी मोकळी जागा हवी. पडदा फ्लॅशला चिकटवून लावला तर त्याचा मधलाच भाग उजळतो आणि मोठा पडदा असून उपयोग होत नाही. पडद्याची खालची कड लेन्सच्या तोंडापर्यंत, थोडी पुढे झुकलेली असावी. लेन्सच्या खालून एक पांढरा पुठ्ठा पुढे काढला तर पोटाखालची सावली उचलली जाते. या सगळ्या थरांमध्ये एक ते दोन स्टॉप उजेड जातो. जाऊ द्या. वीतभर अंतरावर उजेडाची चणचण नसते.

बाजारात लेन्सभोवती बसणारे रिंग फ्लॅश मिळतात. दातांच्या डॉक्टरांना ते सोयीचे आहेत. किड्याच्या फोटोत मात्र सगळीकडून सारखा उजेड पडून तो चपटा होतो आणि डोळ्यात पांढरं कडं उमटतं. मी ते सुचवत नाही. एक साधा, मॅन्युअल जोर कमी-जास्त करता येणारा फ्लॅश पुरतो. खरी मॅक्रो लेन्स परवडत नसेल तर रेनॉक्स डीसीआर-२५० सारखी चिमट्याने बसणारी भिंगं किंवा एक्स्टेन्शन ट्यूब यांच्यावर वर्षानुवर्षं काम करता येतं. पैसे उरलेच तर ते डिफ्युझरच्या दुसऱ्या, तिसऱ्या प्रयोगावर घालवावेत.

आता आकडे. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा: शटर १/२००, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश १/१६ जोरावर. इथून सुरुवात करून फक्त फ्लॅशचा जोर वर-खाली करायचा. शटर १/२०० यासाठी, की बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशशी जुळणारा कमाल वेग १/२०० किंवा १/२५० असतो. त्याहून वेगवान शटर ठेवलं तर फोटोत एका कडेला काळी पट्टी येते. एफ/११ यासाठी, की किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराइतका उमटत असताना फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर तेवढ्या छिद्रातही जेमतेम १.३ मिलिमीटर खोली स्पष्ट येते. छोट्या, एपीएस-सी सेन्सरवर ती त्याहून कमी, मिलिमीटरच्याही आत. मग एफ/२२ का नको? कारण इतक्या जवळून लेन्सचं खरं छिद्र लिहिलेल्या आकड्यापेक्षा लहान पडतं. एकास एक आकारात एफ/११ हे एफ/२२ सारखं वागतं. त्याहून बंद केलं की उजेड कडांवरून फाकतो आणि अख्खा फोटो धुवट होतो. खोली वाढवायचा खरा उपाय कॅमेऱ्याच्या कोनात आहे. चतुर किंवा टाचणी बाजूने टिपताना सेन्सर तिच्या अंगाला समांतर धरा. डोळ्यापासून शेपटीपर्यंत सगळं त्या सव्वा मिलिमीटरात बसवता येतं.

फ्लॅशचा जोर कमी केल्यावर तो मंद पेटतो असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. तो लवकर विझतो. पूर्ण जोरावर साध्या फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जास्त रेंगाळतो. १/३२ जोरावर तोच दहा हजाराव्या भागाच्या आसपास येतो, आणखी खाली त्याहूनही आखूड. मधमाशी सेकंदाला २०० हून जास्त वेळा पंख मारते, तेव्हा १/२०० शटर तिच्यापुढे काहीच नाही. तिचे पंख गोठवतो तो हा आखूड लखलखाट. ब्रिटिश छायाचित्रकार स्टीफन डाल्टन यांना १९७०च्या दशकात उडते कीटक टिपण्यासाठी मुद्दाम अतिवेगवान फ्लॅश तयार करवून घ्यावा लागला होता. त्या चित्रांचं त्यांचं पुस्तक, ‘बॉर्न ऑन द विंड’, १९७५ साली आलं. आज साध्या फ्लॅशचा जोर खाली उतरवला की तशा आखूड लखलखाटाच्या आसपास जाता येतं. मात्र त्यासाठी फ्लॅश जवळ हवा. जवळ असेल तरच कमी जोर पुरतो, आणि जोर कमी असेल तरच लखलखाट आखूड होतो.

एक चाचणी करत जा. फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा यायला हवा. त्यात किडा दिसत असेल तर दिवसाचा उजेडही फोटो उठवतोय, आणि त्या उजेडात पंख फरकटणारच. भर दुपारी हे फार होतं. नगरचं ऊन पर्जन्यछायेतलं, कोरडं आणि टोकदार. अशा वेळी आपल्याच सावलीत किडा घ्यावा किंवा सोबत्याला छत्री धरायला सांगावी.

याच चाचणीची दुसरी बाजू म्हणजे काळी पार्श्वभूमी. फ्लॅशपासून किडा १५ सेंटिमीटरवर आणि मागचं पान ६० सेंटिमीटरवर असेल तर पानाला सोळावा हिस्सा उजेड मिळतो. म्हणून सकाळी नऊ वाजता काढलेला फोटो मध्यरात्री काढल्यासारखा दिसतो. काहींना तो काळा रंग फार आवडतो. मला तो वारंवार पाहून कंटाळा आला आहे. कुठल्या झाडावर, कुठल्या हवेत तो किडा होता हे त्यात मरून जातं. उपाय दोन आहेत. किडा हलत नसेल तर शटर १/६० पर्यंत खाली आणा, आयएसओ ४०० किंवा ८०० करा आणि मागचा उजेड थोडा आत येऊ द्या. किडा हलता असेल तर त्याच्या मागे दोन वितींवर एक मोठं पान येईल असा कोन शोधा, किंवा सोबत्याला हातात पान धरायला लावा. त्या किड्याच्याच झाडाचं पान धरलं तर त्यात खोटेपणा नाही. उतरत्या उन्हात फोटो काढताना फ्लॅशवर फिकट नारिंगी जिलेटीनचा तुकडा चिकटवावा. नाहीतर मागे सोनेरी संध्याकाळ आणि पुढे निळसर, दुपारचा वाटणारा किडा अशी विजोड जोडी होते.

किडे लखलखाटाला फारसे बुजत नाहीत. ते बुजतात अचानक अंगावर येणाऱ्या आपल्या सावलीला आणि पुढे सरकणाऱ्या त्या पांढऱ्या पडद्याला. म्हणून डिफ्युझरसकट हळूहळू जवळ जायचं, आणि पहिला फोटो हवा त्यापेक्षा लांबूनच काढायचा. किडा शांत राहावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवण्याची एक पद्धत आहे. ती करू नये. सकाळी सहा वाजता उठलं की तोच शांतपणा फुकट मिळतो: चतुरांच्या पंखांवर दव असतं, नाकतोडे गारठलेले असतात. उड्या मारणारा कोळी तर दुपारीही तुमच्याकडे वळून बघतो. तो कीटक नव्हे हे खरं, पण त्याच्या पुढच्या मोठ्या दोन डोळ्यांत डिफ्युझरचं प्रतिबिंब इतकं स्वच्छ उमटतं, की तुमचा पडदा कसा आहे याचा निकाल तिथेच लागतो.

किड्यांकडून पक्ष्यांकडे जाताना मधला टप्पा म्हणून शिंजीर घ्यावा. जांभळा शिंजीर सावेडीत घरोघरच्या जास्वंदीवर आणि टेकोमावर येतो. विणीच्या काळातला नर सावलीत नुसता काळा दिसतो. त्याच्या पिसांमधला जांभळा-निळा रंग हा रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या उजेडाचा आहे. उजेड ठरावीक कोनातून पडला आणि तसाच आपल्याकडे परतला तरच तो पेटतो. म्हणून इथे फ्लॅश खरोखर उपयोगी पडतो.

अंतराचा नियम इथे आपल्या बाजूने वळवता येतो. अंतर मोजायचं ते फ्लॅशपासून. कॅमेरा कितीही लांब असला तरी चालतो. तो खोलीत, पडद्याआड, तीन-चार मीटरवर ठेवा. फ्लॅश मात्र छोट्या स्टँडवर, वायरलेस ट्रिगर लावून, फुलापासून मीटरभर अंतरावर, कॅमेऱ्याच्या बाजूने किंचित वर ठेवा. त्यापुढे दीड-दोन फुटांचा पांढरा पडदा. हे सगळं दोन-तीन दिवस आधी तिथे नुसतं उभं राहू द्या, पक्ष्याला त्याची सवय होऊ द्या. मग १/१६ किंवा १/८ जोर पुरतो. दोन-चार फोटोंनंतर पक्षी यायचा थांबला, लांबूनच चिवचिवाट करायला लागला, तर त्या दिवशी फ्लॅश बंद.

पण हे सगळं फुलापाशी, घरट्यापाशी नाही. शिंजीर व्हरांड्यातल्या तारेला, कुंडीच्या साखळीला लोंबतं घरटं बांधतो, आणि मोह होतो तो तिथेच. पिलांना भरवायला मादी ठरावीक वेळाने येते, फोटो हमखास मिळतो. तरीही घरट्यावर फ्लॅश रोखायचा नाही. आपली ये-जा पाहून कावळ्यांना घरट्याचा पत्ता लागतो, आणि घाबरलेली पिलं वेळेआधी बाहेर उडी टाकतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना उपद्रव देणं शिकारीतच मोडतं. उन्हाळ्यात नगरच्या माळांवर टिटवी, धाविक, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. ती दगडांत मिसळून गेलेली असतात आणि पाय ठेवेपर्यंत कळत नाहीत. त्या दिवसांत माळावर चालत हिंडण्याऐवजी वाटेवर, गाडीतच बसून राहणं सगळ्यांच्या हिताचं. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य किंवा माळढोकासाठी राखलेली गवताळ रानं, अशा ठिकाणी आत जायला वन विभागाची परवानगी लागते, आणि तिथे फ्लॅश पिशवीतच ठेवावा.

लांबच्या पक्ष्याकडे आलं की गणित उलटं फिरतं. कोतवाल तारेवर आहे, तुमच्यापासून आठ मीटरवर. ज्या पडद्याने मधमाशीला आभाळभर उजेड दिला, तो कोतवालाच्या जागेवरून एक ठिपका आहे. तेव्हा पक्ष्यांचे फोटो काढताना फ्लॅशवर पांढरी टोपी लावून फिरण्यात काही अर्थ नाही; उजेड मऊ होत नाही, फक्त वाया जातो. संध्याकाळी भोरड्यांचे थवे आभाळात वळत असताना खाली फ्लॅश लखलखताना दिसतात, त्यांचंही तेच. त्या पक्ष्यांपर्यंत काही पोचत नाही.

तरी दिवसा एका कामासाठी लांबचा फ्लॅश चालतो: सूर्याच्या उजेडाला हात द्यायला. समजा निंबाच्या दाट सावलीत राखी धनेश बसला आहे आणि मागे पांढरं आभाळ आहे. नुसता काढला तर पक्षी काळा येतो. धनेशासाठी उजेड वाढवला तर आभाळ जळतं. अशा वेळी आभाळाला जमेल तितकं सांभाळून फोटो ठेवायचा आणि फ्लॅशने पक्ष्याला थोडासा उजाळा द्यायचा. टीटीएलवर, म्हणजे कॅमेरा स्वतः फ्लॅशचा जोर ठरवतो त्या पद्धतीवर, उणे दोन, फार तर उणे दीड स्टॉप. फोटो पाहणाऱ्याला फ्लॅश वापरल्याचं कळलं तर तो जास्त झाला असं समजावं. डोळ्यात एक बारीक चमक आणि छातीवरच्या राखाडी पिसांच्या रेषा, एवढंच मिळवायचं आहे. गाइड नंबर ४० चा फ्लॅश, आठ मीटर अंतर, आयएसओ ४०० आणि एफ/६.३ असेल तर या हलक्या उजाळ्याला साधारण १/८ जोर पुरतो. पण उडणारा पक्षी म्हणून शटर १/१६०० केलं की फ्लॅशला हाय स्पीड सिंकवर जावं लागतं, आणि त्यात दोन स्टॉप किंवा त्याहूनही जास्त जोर जातो. शिवाय त्या पद्धतीत फ्लॅश शटरच्या सबंध वेळात तुकड्यातुकड्यांनी पेटत राहतो, त्यामुळे आखूड लखलखाटाने पंख गोठवण्याचा फायदा उरत नाही. उडत्या पक्ष्यासाठी सकाळचं ऊन पाठीवर घेऊन उभं राहणं बरं. हिवाळ्यात पिंपळगाव माळवीच्या तलावावर सूर्य उगवल्यापासून पहिला तास-दीड तास जो उजेड असतो, तसा कुठल्याही फ्लॅशने येत नाही.

फ्लॅशपुढे प्लास्टिकचं फ्रेनेल भिंग लावून उजेडाचा झोत आवळण्याची एक युक्ती आहे. त्याने दोन स्टॉप तरी मिळतात आणि कमी जोरात काम भागतं. फक्त ते भिंग उन्हाकडे तोंड करून ठेवू नका. सूर्याचा किरण त्यातून फ्लॅशच्या डोक्यावर एकवटतो आणि प्लास्टिक वितळतं. एप्रिल-मेच्या नगरी उन्हात त्याला फार वेळ लागत नाही.

डोळ्यांचं भूतही अंतरातूनच निघतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सच्या मध्यापासून वीतभर वर असतो. किडा वीतभर अंतरावर असेल तर उजेड ४५ अंशांतून येतो. पक्षी आठ मीटरवर असेल तर हाच कोन दीड अंशाच्या आसपास उरतो, म्हणजे उजेड जवळजवळ लेन्सच्याच रेषेतून डोळ्यात शिरतो, मागच्या पडद्यावर आपटतो आणि सरळ परत येतो. फोटोत बाहुली तांबडी किंवा पांढरट पेटलेली दिसते. ब्रॅकेटने फ्लॅश फूटभर दूर नेला तर दिवसा बहुधा सुटका होते. रात्री, बाहुली सताड उघडी असताना, होत नाही. रातव्याचे डोळे तर निखाऱ्यासारखे पेटतात.

रात्रीच्या पक्ष्यांवर फ्लॅश टाकायचा नाही, असा माझा नियम आहे आणि तो तुम्हीही करावा. उघड्या बाहुलीवर एवढा लखलखाट पडल्यावर ज्याला पुढच्याच क्षणी अंधारात उडायचं आहे, त्याला आपण काही काळ आंधळं करतो. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी मॅग्नेशियमची पूड उडवून रात्रीचे प्राणी टिपले आणि १९०६ च्या जुलैच्या ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये ते ७४ फोटो आले, तेव्हा जग थक्क झालं होतं. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. आता आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर काम करणारे कॅमेरे हातात असताना ती सबब उरलेली नाही. घुबडांच्या घरट्याजवळ रात्री घुटमळण्याला आणखीही एक बाजू आहे: फ्लॅशने पक्षी टिपणाऱ्या पहिल्या पिढीतले एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ साली एका घुबडाच्या हल्ल्यात गेला.

पिंगळ्याचा फोटो हवा असेल तर कॉलनीतला रस्त्याचा दिवा हाच फ्लॅश समजा. दिव्याखाली पतंग जमतात, आणि ते टिपायला पिंगळा जवळच्या तारेवर किंवा भिंतीवर येऊन बसतो. गाडीच्या खिडकीवर कॅमेरा टेकवून आयएसओ ३२००, शटर १/६०, लेन्स पूर्ण उघडी. व्हाइट बॅलन्स हाताने लावा, कारण एलईडी दिव्यांचा निळसरपणा कॅमेऱ्याला एकट्याला निस्तरत नाही. दिवा पक्ष्याच्या तोंडासमोर येईल अशी जागा आधीच, उजेडी पाहून ठेवा. पिंगळा एकाच जागी पुन्हा पुन्हा बसतो, तेव्हा बसल्या जागी वाट पाहिली तरी भागतं.

पतंगांसाठी मात्र फ्लॅश पुन्हा हातात घ्या. गच्चीवर दोरीला पांढरी चादर बांधा, तिच्यापुढे एक पांढरा किंवा अतिनील दिवा लावा. पावसाळ्यातली अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, वारा पडलेली रात्र सगळ्यात चांगली. इथे अंतर वीतभर, विषय स्थिर, आणि पांढरी चादर स्वतःच उजेड परतवते. १/३२ जोर पुष्कळ झाला. चादरीच्या पांढऱ्या रंगाने टीटीएल फसतो आणि पतंग काळपट येतात, म्हणून मॅन्युअल. पतंग अलगद काडीवर किंवा सालीवर चढवून घेतला तर फोटो चादरीवरच्या नोंदीपेक्षा देखणा होतो. दोन-तीन तासांनी दिवा मालवायचा आणि चादर झटकून टाकायची. दिवा रात्रभर जळत ठेवला तर सकाळी दयाळ आणि बुलबुल त्या चादरीवरच न्याहारी उरकतात, आणि पाली तर रात्रीपासूनच ताटावर बसलेल्या असतात.

जिल्हा तोच, पण सावेडीपासून दीडशेच्या आसपास किलोमीटरवर, अकोले तालुक्यात, मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचे दिवस असतात. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे हजारोंनी लुकलुकतात. त्या लुकलुकण्यातून नर-मादी एकमेकांना शोधतात, आणि आपला कुठलाही उजेड त्या संभाषणात घुसतो. वन विभाग तिथे टॉर्च आणि फ्लॅश वापरू देत नाही. फोटोच्या हिशेबानेही फ्लॅश तिथे निरुपयोगी आहे, कारण आपल्याला काजव्याचाच उजेड टिपायचा असतो.

काम असं करा. अंधार पडायच्या अर्धा तास आधी पोचा. ट्रायपॉड पाउलवाटेच्या बाहेर, पण झाडाच्या बुंध्यापासून लांब रोवा. काजव्यांच्या माद्या आणि अळ्या जमिनीवर असतात, खोडाभोवती पायदळी तुडवणं नको. संधिप्रकाशात झाडाचा एक स्वच्छ फोटो काढून घ्या आणि फोकस तिथेच, मॅन्युअलवर बांधून ठेवा. त्यानंतर ट्रायपॉडला हात लावू नका. काजवे सुरू झाले की एफ/१.८ ते एफ/२.८, आयएसओ १६०० ते ३२००, एकेक फोटो २० ते ३० सेकंदांचा, रिमोटने एकामागून एक. घरी आल्यावर ते संगणकावर संधिप्रकाशातल्या पहिल्या फोटोवर एकावर एक रचायचे आणि ‘लायटन’ पद्धतीने मिसळायचे. फोटो दाखवताना ते रचलेले आहेत हे सांगावं. एका नजरेत एवढे काजवे दिसतात असं वाटून लोक पुढच्या वर्षी गाड्या घेऊन येतात आणि टॉर्च मारून ते शोधत बसतात. कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा तांबडा दिवा मेनूतून बंद करा, मेमरी कार्डापाशी लुकलुकणाऱ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा, मागचा पडदा सर्वांत मंद करा किंवा झाकून टाका. आणि लाँग एक्स्पोझर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. नाहीतर प्रत्येक ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद स्वतःशीच काम करत बसतो, आणि काजव्यांची अर्धी रात्र त्यातच जाते.